42 दिवसांत 39 गोळ्या, तरी हिमोग्लोबिन 9.4: एका गरोदर बाईचं प्रकरण

विसाव्या आठवड्यात ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या फाइलवर एक ओळ आधीच लिहिलेली होती: "गोळ्या व आहार, सूचना पाळत नाही." हिमोग्लोबिन 9.4 होतं. नवव्या आठवड्यात तेच 11.2 होतं. मधल्या काळात लोहाची गोळी सुरू झाली होती, आहाराचा कागद हातात दिलेला होता, तरी आकडा घसरला होता. मग ही गोळ्या घेतच नसणार, असं कुणीतरी गृहीत धरलं आणि ते फाइलवर कायमचं बसलं.

मी आहारसल्लागार आहे. हे प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण तिला दिलेला तो आहाराचा कागद मी तयार केलेला होता. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

वय 28, पहिली खेप. उंची 156 सेंटिमीटर, दिवस राहण्याआधीचं वजन 49 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) 20 च्या आसपास. साखर, थायरॉइड, रक्तदाब व्यवस्थित. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक नाही, बी-12 ठीक. फेरिटिन मात्र 8. गरोदरपणात ते 30 च्या खाली गेलं की शरीरातला लोहाचा साठा संपत आलाय असं समजतात. हिचा तर तळ दिसत होता. नोकरी बैठी, पण सकाळी आठला घर सोडायचं आणि रात्री साडेसातला परत यायचं. घरी नवरा आणि सासूबाई.

खुर्चीवर बसल्या बसल्या ती म्हणाली, "मॅडम, माझ्या फाइलवर काय लिहिलंय ते मी वाचलंय." आणि पर्समधून चेन असलेला एक छोटा पाऊच काढून माझ्यासमोर ठेवला. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. प्रत्येक फुटलेल्या कप्प्याच्या कडेला, चंदेरी कागदावर, निळ्या बॉलपेननं बारीक अक्षरात तारीख. काही ठिकाणी शाई धरली नव्हती, तिथे दोनदा गिरवलेलं. तीन पाकिटं पूर्ण रिकामी, चौथ्यात एक गोळी शिल्लक. चौदाव्या आठवड्यापासून त्या दिवसापर्यंत 42 दिवस झाले होते आणि त्यात 39 गोळ्या पोटात गेल्या होत्या. मला स्वतःला अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स इतक्या काटेकोरपणे पुरा करता येत नाही.

म्हणजे गोळी जात होती आणि लोह रक्तापर्यंत पोचत नव्हतं. हा प्रश्न पूर्णपणे वेगळा आहे आणि त्याचं उत्तर "नियमित घेत जा" असं दटावून मिळत नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी. गरोदरपणात हिमोग्लोबिन थोडं खाली येणं स्वाभाविक असतं. रक्ताचं एकूण प्रमाण 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, पण त्यात पातळ द्रव जास्त वाढतो आणि तांबड्या पेशी त्यामानाने कमी. म्हणूनच गरोदरपणात 11 च्या खाली रक्तक्षय धरतात आणि दुसऱ्या तिमाहीत ती रेघ 10.5 वर आणतात. पण 9.4 आणि त्याच्या जोडीला फेरिटिन 8, हे काही रक्त पातळ झाल्याचं लक्षण नव्हे. संपूर्ण गरोदरपणाला मिळून सुमारे 1,000 मिलिग्रॅम लोह लागतं: अंदाजे 300 बाळाला आणि वारेला, 500 आईच्या वाढलेल्या रक्ताला, उरलेलं रोजच्या झिजेत जातं. यातली बहुतेक मागणी उत्तरार्धात येते. आम्ही अगदी उंबरठ्यावर उभ्या होतो.

मी तिला काय खाता असं विचारलं नाही. तो प्रश्न विचारला की माणसं कागदावर लिहिलेलंच परत म्हणून दाखवतात. मी म्हटलं, "काल सकाळी जाग आल्यापासून रात्री झोप लागेपर्यंत सांगा. काय काय केलंत, कुठे होतात, सोबत कोण होतं. खाण्याचं त्यात येईल तसं येऊ दे."

तिनं सांगायला सुरुवात केली आणि सव्वासात वाजता मला उत्तर मिळालं.

सव्वासातला ती नाश्ता करायची. सोबत एक पेला दूध. त्याच दुधाबरोबर लोहाची गोळी आणि लगेच कॅल्शियमची गोळी. मग तयार होऊन, दाराबाहेर पडण्याआधी, आठला दहा कमी असताना चहा. का असं विचारल्यावर म्हणाली, "एकदाचं सगळं घेऊन टाकलं की दिवसभर विसरायची भीती नाही ना." आणि खरंच, कागदावर काय होतं? दूध रोज दोन वेळा. कॅल्शियम खाण्याबरोबर. लोहाची गोळी पोटाला त्रास झाल्यास काही खाऊन. तिनं माझ्या तिन्ही सूचना पाळल्या होत्या, एकाच वेळी.

कॅल्शियम आणि लोह आतड्यात एकाच वेळी पोचले की लोह कमी शोषलं जातं. चहातले टॅनिनसारखे घटक लोहाला धरून ठेवतात आणि ते तसंच बाहेर पडतं. वनस्पतींमधून आणि गोळ्यांमधून मिळणाऱ्या लोहाच्या बाबतीत हे फार जाणवतं. भरीला रात्री जळजळ व्हायची म्हणून ती ॲसिडिटीचं औषध घेत होती, तेही विचारून, डॉक्टरांनी दिलेलं. पोटातलं आम्ल कमी झालं की लोह विरघळणं कमी होतं. म्हणजे चार गोष्टी, चारही आपापल्या जागी योग्य, आणि चारही त्या एका गोळीच्या विरोधात.

दोन औषधांमध्ये अंतर ठेवा ही सूचना कागदावर होती. मी नंतर तो कागद काढून पाहिला. एकूण 31 सूचना. अंतराची सूचना सत्ताविसावी, मागच्या पानावर. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यानं मागचं पान इतकं फिकं झालं होतं की मला माझंच वाक्य उजेडाकडे धरून वाचावं लागलं. हे मी आधी का पाहिलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. कागद तयार करताना प्रत्येक सूचना बरोबर आहे ना, एवढंच मी तपासलं होतं. एका बाईच्या एका दिवसात त्या 31 एकत्र आल्या तर काय होईल, हे कधी मांडूनच पाहिलं नव्हतं.

पुढचं तिनं सांगितलं त्यातून आणखी गोष्टी निघाल्या. काही खरोखर महत्त्वाच्या, काही नुसत्या छळणाऱ्या.

झोपेचं घ्या. "डाव्या कुशीवर झोपावे" ही सूचना तिनं बाराव्या आठवड्यापासून धरली होती. रात्री जाग आली आणि आपण पाठीवर आहोत असं दिसलं की तिला धस्स व्हायचं. बाळाला काही झालं असेल या विचारानं पुढे दोन-दोन तास डोळा लागत नसे. नवऱ्याला तिनं सांगून ठेवलं होतं, मी पाठीवर दिसले की उठव. तोही बिचारा अर्धा जागा. खरं तर या सल्ल्याचा आधार शेवटच्या तिमाहीतला आहे, 28 आठवड्यांनंतरचा. आणि तोही झोपायला जाताना कोणत्या कुशीवर असता याबद्दल. डावी-उजवी कोणतीही कूस चालते. मधे जाग आली आणि पाठीवर असलात तर वळायचं आणि झोपायचं, इतकंच. हे ऐकल्यावर ती काही बोलली नाही, नुसती रडली. आठ आठवडे ही मुलगी नीट झोपलेली नव्हती, तीही गरज नसताना.

चालण्याचंही तसंच. "रोज 30 मिनिटे चालणे" म्हणून ती रात्री साडेसातला घरी येऊन, पाणी पिऊन, परत चपला घालून खाली जायची. थकून परतली की जेवणावर वासना नसायची. मग उशिरा दोन घास, लगेच आडवं होणं आणि त्यातून जळजळ. आठवड्याला मध्यम श्रमाची 150 मिनिटं, असा सर्वसाधारण सल्ला आहे. ती तुकड्यातुकड्यानं झाली तरी चालतात. बसथांब्यापर्यंत जाऊन-येऊन ती रोज 20 मिनिटं भराभर चालतच होती. ते चालणं तिनं कधी हिशेबात धरलंच नव्हतं.

वजन 51.2 झालं होतं. तिच्या बीएमआयला पूर्ण गरोदरपणात साडेअकरा ते सोळा किलो वाढ अपेक्षित असते, दुसऱ्या तिमाहीपासून आठवड्याला 400 ग्रॅमच्या आसपास. त्या मानानं ती मागे होती. पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांमुळे अंडी आणि डाळीचा वास सहन होत नसे, म्हणून ते बंद झालं. उलट्या सतराव्या आठवड्यात थांबल्या, पण बंद झालेलं परत सुरू करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आणि फोलिक ॲसिड. हे तिनं सगळ्यात शेवटी, दाराकडे बघत, हळू आवाजात काढलं. गोळी तिनं सुरू केली सातवा आठवडा उलटून गेल्यावर, दिवस राहिल्याचं कळल्यावर. नंतर कुठेतरी वाचलं की ती आधीपासून घ्यायची असते. तेव्हापासून भरपाई म्हणून ती डॉक्टरांच्या गोळीबरोबर बाजारातली आणखी एक मल्टिव्हिटॅमिन घेत होती. "मी उशीर केला, आता काही होऊ शकतं का?"

इथे खोटा दिलासा द्यायचा मोह होतो. मी दिला नाही. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत बंद होते, म्हणजे पाळीच्या हिशेबानं सहाव्या आठवड्याच्या सुमारास. म्हणून रोज 400 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड दिवस राहण्याआधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत घ्यायला सांगतात. ज्या स्त्रियांच्या आधीच्या बाळात ही नळी नीट बंद न होण्याचा दोष होता, त्यांच्यात मोठ्या मात्रेच्या फोलिक ॲसिडनं धोका 72 टक्क्यांनी कमी होतो, हे 1991 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत स्पष्ट झालं. तिची गोळी त्या कामासाठी उशिरा सुरू झाली, हे खरं होतं. पण तिच्या घरात हा दोष कुणाला नव्हता, मधुमेह नव्हता, फिट येण्यावरची औषधं चालू नव्हती. मुळातच धोका कमी होता. आणि एकोणिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत पाठीचा कणा आणि डोकं व्यवस्थित दिसलं होतं. अहवाल तिच्याच फाइलमध्ये होता, कुणी तिला वाचून दाखवला नव्हता. मी त्या ओळीवर बोट ठेवून वाचला. दुसरी मल्टिव्हिटॅमिन डॉक्टरांना विचारून बंद केली. अशा दोन-दोन गोळ्यांत अ जीवनसत्त्वाची रेटिनॉलच्या रूपातली मात्रा नकळत वाढते आणि ती जास्त झाली तर बाळाला अपाय करते.

त्याच दुपारी तिच्या डॉक्टरांशी बोलले. 60 मिलिग्रॅम लोहाची तीच गोळी, तोच डोस ठेवायचं ठरलं. चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. हिमोग्लोबिन वाढलं नाही तर शिरेतून लोह द्यायचं. डोसचा निर्णय त्यांचा. वेळेचं काम माझं आणि तिचं.

कोऱ्या कागदावर आम्ही तिचा दिवस काढला, सकाळी साडेसहापासून रात्री साडेदहापर्यंत नुसती एक उभी रेघ. त्यावर लोहाच्या गोळीसाठी जागा शोधायची, जिच्या आगेमागे दूध, चहा, कॅल्शियम, ॲसिडिटीचं औषध काही नसेल. सकाळी उपाशीपोटी तिला मळमळायचं. रात्री झोपताना घेतली तर जळजळ. अकरा वाजता ऑफिसात चहा येतो आणि तो सोडायला ती तयार नव्हती. तोच एक निवांत वेळ होता तिचा. शेवटी दुपारी साडेचार सापडले. दुपारचं जेवण दीडला झालेलं, पोट साधारण रिकामं. त्या वेळी गोळी, पाण्यात अर्धं लिंबू पिळून किंवा एखाद्या आंबट फळाबरोबर, कारण क जीवनसत्त्वानं लोह जास्त शोषलं जातं. संध्याकाळचा चहा घरी आल्यावर.

कॅल्शियम सकाळच्या नाश्त्याबरोबर आणि रात्रीच्या जेवणाबरोबर, अर्धं-अर्धं. एका वेळी 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतलं तर तेही नीट शोषलं जात नाही. चहा तीनाचा दोन कप. मोठ्या कपाला 75 मिलिग्रॅम कॅफिन धरलं तर तीन कपांचे 225 होतात आणि दिवसाला 200 च्या आत राहणं बरं. अकराला एक, संध्याकाळी एक, दोन्ही जेवणापासून लांब.

खाण्यात मी फक्त दोन बदल सांगितले. डाळ किंवा कडधान्य दोन्ही जेवणांत परत आणायचं, आणि दुपारच्या डब्यात रोज एक उकडलेलं अंडं, बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत शिजवलेलं. बाकी 20-25 सूचना त्या दिवशी मी बोललेच नाही. अवघड गेलं. तोंडावर आलेलं वाक्य गिळायला सल्लागाराला सराव लागतो.

पुढच्या भेटीला सासूबाई आल्या होत्या. त्यांच्याबद्दल मी मनात काहीबाही धरून बसले होते, ते पार चुकलं. त्या म्हणाल्या, "दोन जिवांची आहे, दुप्पट खायला हवं असं मी म्हणत होते. पण ती बसतेच नऊ वाजता, खाणार काय?" दुप्पट लागत नाही, हे मी समजावलं. पहिल्या तिमाहीत जवळजवळ काहीच जास्त लागत नाही, दुसऱ्या तिमाहीत दिवसाला साधारण 340 कॅलरी, तिसऱ्यात 450, म्हणजे एखादं छोटं जास्तीचं खाणं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मग स्वतःच तोडगा काढला. घरातलं जेवण सगळ्यांसाठीच आठला करायचं. तिनं घरी येऊन हात-पाय धुवायचे आणि सरळ पानावर बसायचं. फिरायला जायचंच असेल तर जेवणानंतर दहा मिनिटं. एवढ्यानं तिची रात्रीची जळजळ निम्म्यावर आली आणि ॲसिडिटीचं औषध रोजचं राहिलं नाही. हा बदल माझ्या कुठल्याच कागदावर नव्हता.

सगळं सुरळीत झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात बद्धकोष्ठता इतकी झाली की तीन दिवस तिनं गोळी घेतलीच नाही, आणि या वेळी लाजून मला सांगितलंही नाही. पाकिटावर तीन तारखा गाळलेल्या दिसल्या म्हणून कळलं. शौचाचा रंग काळा झाला म्हणूनही ती घाबरली होती. लोहाच्या गोळीनं तो होतोच आणि त्यात काही वावगं नसतं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही नाही. पाणी वाढवलं, फळं आणि कोशिंबीर वाढवली, डॉक्टरांनी पोट साफ होण्याचं सौम्य औषध दिलं. त्यानंतर खाडा पडला तो एखाद-दुसराच.

चोविसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन 10.3 आलं. चार आठवड्यांत 0.9. गोळी तीच, कंपनी तीच, डोस तोच. अठ्ठाविसाव्या आठवड्यात 10.9. शिरेतून लोह द्यावं लागलं नाही. वजन प्रसूतीपर्यंत 59.3 किलोवर गेलं, एकूण वाढ 10.3, अपेक्षेपेक्षा थोडी कमीच राहिली आणि ती मी पूर्णपणे भरून काढू शकले नाही. अडतिसाव्या आठवड्यात नैसर्गिक प्रसूती, बाळ 2.9 किलोचं. बाळाच्या वजनाचं श्रेय या बदलांना देता येणार नाही, त्यामागे कितीतरी गोष्टी असतात. हिमोग्लोबिनचं मात्र मी छातीठोकपणे सांगेन.

तो 31 सूचनांचा कागद मी बदलला. पुढच्या बाजूला आता फक्त मुळीच न चालणाऱ्या गोष्टी आहेत: दारू थेंबभरही नाही, तंबाखू कोणत्याही रूपात नाही आणि घरात कुणी ओढत असेल तर त्याचा धूरही नाही, न तापवलेलं कच्चं दूध नाही, कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस-अंडं नाही, डॉक्टरांना न विचारता एकही गोळी नाही. यातली प्रत्येक गोष्ट सोडण्यामागे बाळाला होणारा थेट अपाय आहे, आणि सवलत द्यायला जागा नाही. कच्च्या दुधातून होणारा लिस्टेरिया या जिवाणूचा संसर्ग आईला साध्या तापासारखा वाटतो आणि त्यानं गर्भपात होऊ शकतो. तो नियम आणि "रोज चाला" हा नियम मी इतकी वर्षं एकाच आकाराच्या अक्षरात, एकाखाली एक छापत होते. वाचणारीनं कशाला किती घाबरायचं ते ओळखायचं कसं?

मागची बाजू कोरी आहे. त्यावर एक उभी रेघ आहे आणि ती समोर बसलेल्या बाईनं स्वतःच्या दिवसानं भरायची आहे. याला वेळ लागतो. पहिल्या भेटीला वीस मिनिटं जास्त जातात आणि गर्दीच्या दिवशी बाहेर बसलेल्यांचा खोळंबा होतो. माझ्या एका सहकारी मैत्रिणीचं म्हणणं आहे की उरलेल्या सूचना गाळणं धोक्याचं आहे, कुणालातरी नेमकी तीच हवी असेल. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून त्या मी माझ्याकडे ठेवल्या आहेत, दर भेटीला ज्या लागू पडतील त्या दोन-तीन काढते. कुशीवर झोपण्याचं आता अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या भेटीतच बोलते.

फाइलवरची ती ओळ मी खोडली नाही, खोडता येत नाही. तिच्याखाली तारीख घालून लिहिलं: "42 दिवसांत 39 गोळ्या घेतल्या आहेत. वेळ चुकत होती."

प्रसूतीनंतर सहाव्या आठवड्यात ती बाळाला घेऊन आली. लोहाची गोळी अजून सहा आठवडे चालू ठेवायची होती. साडेचारची वेळ आता जमत नव्हती, त्या वेळी बाळ हमखास दूध मागतं. तिनं पाऊच उघडला, पाकिटावर तारखांबरोबर वेळाही लिहिलेल्या होत्या: कधी दुपारी तीन, कधी पहाटेचे पाच. मी नवा कागद काढला, मागची बाजू तिच्याकडे केली, आणि आम्ही बाळाच्या झोपेच्या वेळांपासून सुरुवात केली.